अक्षराला पाय फुटले

पहिलीच्या दप्तरात भाषेची वही वेगळी असते आणि गणिताची वेगळी. भाषेची वही दुरेघी. तिच्यात 'म' ऐसपैस बसतो, 'र' अंग चोरून उभा राहतो आणि कुणाचं काही म्हणणं नसतं. गणिताची वही मात्र चौकटींची. तिचा कायदा कडक आहे: एका चौकटीत एकच आकडा. १ बारीक म्हणून त्याला अर्धी चौकट नाही, की ९ ऐसपैस म्हणून त्याला दीड नाही. एककाखाली एकक आणि दशकाखाली दशक आलं नाही, तर हातचा कुणाच्या डोक्यावर द्यायचा हेच कळत नाही, म्हणून ही शिस्त.

आता कल्पना करा, भाषेची वही हरवली आणि बाईंनी निबंधही चौकटींच्याच वहीत लिहायला सांगितला. 'म'ला कोपरे आत घ्यावे लागतील. 'र'च्या आजूबाजूला एवढी मोकळी जागा राहील, की शब्द मध्येच तुटल्यासारखा दिसेल. टाइपरायटर आला तेव्हा रोमन लिपीवर नेमका हाच प्रसंग गुदरला.

बंदुका आणि शिवणयंत्रं बनवणाऱ्या अमेरिकेतल्या रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली शोल्स आणि ग्लिडन यांचा टाइपरायटर बाजारात आणला. त्यात फक्त कॅपिटल अक्षरं होती. शिफ्टची कळ चार वर्षांनी, पुढच्या मॉडेलात आली. पण पुढची शंभर वर्षं कायम राहिलेली गोष्ट होती ती कागद सरकवण्याची युक्ती. कागद ज्या रुळावर गुंडाळलेला असतो ते कॅरेज एका स्प्रिंगने सतत डावीकडे ओढलेलं असतं. त्याला धरून ठेवते ती दात्यांची पट्टी. कळ दाबली की अक्षराची दांडी उसळून रिबनवर आपटते आणि दांडी परतताना पट्टीचा एक दाता सुटतो, फक्त एक. कॅरेज तेवढंच सरकतं. कोणती कळ दाबली हे त्या दात्याला ठाऊक नसतं. 'आय' असो की 'डब्ल्यू', पाऊल तेवढंच. बहुतेक यंत्रांवर ते इंचाचा दहावा भाग असे, तर 'एलिट' नावाच्या बारीक टाइपात बारावा.

छापखान्यातल्या खिळ्यांना हे बंधन कधीच नव्हतं. तिथे 'आय'चा खिळा अरुंद आणि 'एम'चा रुंद ओतला जायचा, जुळारी ते शेजारी शेजारी लावायचा आणि ओळ आपोआप भरून यायची. टाइपरायटरमध्ये मात्र 'आय' आपल्या कोठडीच्या मधोमध काडीसारखा उभा, दोन्हीकडे पोकळी, आणि शेजारच्या कोठडीत तीन पायांचा 'एम' गुदमरलेला. असा मजकूर वाचताना डोळा दर दोन अक्षरांनी ठेचकाळतो.

तोडगा होता अक्षराच्या पायात. रोमन अक्षरांच्या रेघांना टोकाशी ज्या बारीक आडव्या रेघा असतात त्यांना सेरिफ म्हणतात. पुस्तकी टाइपात त्या नाजूक असतात, निमुळत्या. पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये एक दांडगा प्रकार निघाला. व्हिन्सेंट फिगिन्स या खिळे ओतणाऱ्याने १८१५च्या सुमारास तो आपल्या नमुना-पुस्तकात दाखवला. या अक्षरांचे पाय सपाट, चौकोनी आणि जवळजवळ रेघेइतकेच जाड होते. यालाच पुढे स्लॅब-सेरिफ म्हणू लागले. स्लॅब म्हटलं की आपल्याला घरावरची सिमेंटची स्लॅब आठवते, आणि त्यात काही चूक नाही. कल्पना तीच आहे. तेव्हा हे अक्षर पुस्तकासाठी नव्हतंच. लॉटरी, नाटकं, विक्रीच्या जाहिराती, भिंतीवरची भित्तिपत्रकं, म्हणजे जिथे ओरडायचं असतं तिथे ते चालायचं. नेपोलियनच्या स्वारीनंतर युरोपात मिसरचं वेड पसरलं होतं, त्या लाटेत या टाइपांना 'इजिप्शियन' असं नाव पडलं. पिरॅमिडशी त्यांचा संबंध तेवढाच.

गंमत अशी, की भिंतीवर ओरडण्यासाठी जन्मलेले हे पाय टाइपरायटरच्या कोठडीत जागा भरायच्या कामी आले. 'आय'च्या तळाशी लांब सपाट पट्टी घातली की काडी एकदम बैठकीवर बसते आणि कोठडी भरलेली दिसते. 'एल'लाही तसंच. 'आर'चा वरचा आकडा उजवीकडे लोंबतो आणि खाली पोकळी राहते, म्हणून त्याच्या पायाची पट्टी दोन्हीकडे ताणायची. 'एफ' आणि 'टी' यांची आडवी रेघ लांबवायची. उलट 'एम'चे पाय आखडायचे, 'डब्ल्यू'चं मधलं टोक ठेंगणं करायचं. बारीक अक्षराला खाऊपिऊ घालायचं आणि लठ्ठ अक्षराचं वजन उतरवायचं, असा हा आहारशास्त्राचा धंदा आहे. तो साधला की वाचणाऱ्याला कोठड्या दिसत नाहीत, ओळ दिसते.

दुसरं बंधन आघाताचं. दांडी रिबनवर हातोडीसारखी आपटते. पुस्तकी टाइपातल्यासारखी एक रेघ जाड आणि एक केसाएवढी असेल, तर त्याच ठोक्यात जाड रेघ फिकी उमटेल आणि बारीक रेघ कागद कापेल. म्हणून टाइपरायटरच्या अक्षरात सगळ्या रेघा एकाच जाडीच्या. पूर्णविराम त्यातल्या त्यात दुष्ट. एवढासा ठिपका, त्यावर सगळा जोर, की कागदाला भोक. ज्यांनी सायक्लोस्टाइलसाठी रिबन काढून स्टेन्सिल कापले आहेत, त्यांना 'ओ'च्या पोटातला तुकडा गळून पडल्याचं दुःख वेगळं सांगायला नको. आपल्याकडची कितीतरी लघुनियतकालिकं, संपाची पत्रकं आणि संस्थांचे वार्षिक अहवाल त्या भोकांसकट निघाले आहेत.

या सगळ्या अडचणींवर अनेकांनी अक्षरं रेखली. पण टाइपरायटरचं अक्षर म्हटलं की आज जे डोळ्यासमोर येतं, ते एका माणसाचं काम आहे. हॉवर्ड केटलर, मित्रमंडळीत 'बड', आयबीएममध्ये टाइप रेखाटणारा. १९५०च्या दशकाच्या मध्यावर त्याने एक नवं अक्षर तयार केलं. रेघ एकसारखी, पाय रुंद आणि सपाट, पण रेघांची टोकं किंचित गोल, जणू शाई आधीच थोडी पसरली आहे. अक्षराचं नाव 'मेसेंजर' ठरत आलं होतं. केटलरने ते बदललं. त्याचं म्हणणं असं, की पत्र हा नुसता निरोप्या असू शकतो, किंवा मान आणि वजन घेऊन येणारा दूतही असू शकतो. म्हणून नाव पडलं 'कुरिअर'. पेशवाईत जासूद आणि वकील यांच्यात जो फरक होता तोच इथे अभिप्रेत होता. आपल्याकडे पुढे कुरिअर म्हणजे दुपारी झोपेच्या वेळी बेल वाजवून पार्सल देणारा मुलगा झाला, हा केटलरचा दोष नाही.

मराठीत वस्तू जागेवरून गायब झाली की तिला पाय फुटले म्हणतात. कुरिअरला दोन्ही अर्थांनी पाय फुटले. आयबीएमने या अक्षरावर कायद्याने मालकी राखून ठेवली नाही. त्यामुळे टाइपरायटर बनवणारे दुसरे कारखानेही ते सर्रास वापरू लागले आणि बघता बघता ते कोणा एका कंपनीचं न राहता ऑफिस नावाच्या गोष्टीचंच अक्षर झालं. या स्लॅब-सेरिफ घराण्याचा इतिहासच तसा आहे. १८४५ साली लंडनच्या रॉबर्ट बेस्लीने 'क्लॅरेंडन' नावाचा पायदार टाइप काढला आणि नव्या कायद्याखाली रीतसर नोंदवला. संरक्षण तीन वर्षांचं होतं. ते संपल्याबरोबर बाकीच्यांनी तो उचलला.

१९६१ साली आयबीएमने 'सिलेक्ट्रिक' आणला. त्यात दांड्यांचं जंजाळ नव्हतं. गोल्फच्या चेंडूएवढा एक गोळा, त्यावर ८८ चिन्हं, आणि कळ दाबली की तो गर्रकन फिरून योग्य अक्षर कागदाकडे करायचा. कॅरेजऐवजी गोळाच सरकायचा. गोळा उपसून दुसरा बसवला की अक्षराचं वळण बदलायचं. पुढे एड्रियन फ्रुटिगर या स्विस अक्षरकाराने सिलेक्ट्रिकच्या काही यंत्रांसाठी कुरिअर नव्याने रेखलं. हा फ्रुटिगर शेवटी पुन्हा भेटणार आहे.

साधारण ज्या सुमाराला केटलर कुरिअर रेखत होता, त्याच सुमाराला, १९५५ साली, मुंबईत गोदरेजने भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. गोदरेजचं हे काम अखेरीस शिरवळच्या कारखान्यात चालायचं आणि २००९च्या सुमाराला थांबलं. इंग्रजी यंत्राची गोष्ट सरळ होती. देवनागरीचं यंत्र मात्र वेगळ्याच पेचात होतं. निर्णयसागरसारख्या छापखान्यात देवनागरीच्या खिळ्यांची संख्या शेकड्यांत जायची. टाइपरायटरवर कळा सेहेचाळीसच्या आसपास, म्हणजे शिफ्ट धरून नव्वदेक चिन्हं. त्यात अख्खी बाराखडी आणि जोडाक्षरं कोंबायची. अ-च्या बाराखडीसारखे सावरकरांचे लिपिसुधारणेचे प्रस्ताव याच काळजीतून आले होते.

तोडगा सुताराचा निघाला: अक्षरं सुटी करून जोडायची. ख, घ, ण, थ, ध, भ, श, ष ही अक्षरं यंत्रावर पूर्ण नव्हतीच. त्यांची अर्धी रूपं होती. अर्धा भ ठोकायचा आणि पुढे काना ठोकायचा, झाला भ. पहिली वेलांटी कागदावर आधी दिसते, म्हणून ती ठोकायचीही आधी. 'किती' बोलताना क आधी, टाइप करताना वेलांटी आधी. उकार, मात्रा आणि अनुस्वार यांच्या कळा दाबल्या की कॅरेज जागचं हलत नाही. चिन्ह वर किंवा खाली उमटतं. टाइपिंगच्या क्लासात इंग्रजीची मुलं 'एएसडीएफ' बडवत भराभर पुढे जायची, आणि मराठीची मुलं मान तिरपी करून रफार कुठे बसला ते बघायची.

पण एका बाबतीत देवनागरी नशीबवान निघाली. कोठडी भरायला रोमन अक्षराला पाय लावावे लागले. आपल्या अक्षराला डोक्यावर शिरोरेघ मुळातच होती. अरुंद 'र'ची शिरोरेघ कोठडीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढली की तो शेजाऱ्याला चिकटतो आणि शब्द एकसंध राहतो. खाली पोकळी असते, पण डोळा वरच्या रेघेवरून घसरत जातो. 'आय'ची बैठक आणि 'र'चं छप्पर, काम एकच.

हे सगळं जागा भरण्यापुरतं असतं, तर यंत्राबरोबर अक्षरही भंगारात गेलं असतं. ते गेलं नाही, कारण चौकटीतलं अक्षर मोजता येतं. एकदा पाऊल ठरलं की कागद म्हणजे आलेखाचा कागद होतो. साडेआठ इंची कागदावर इंचाला दहा अक्षरं म्हणजे ओळीला ८५ घरं. मथळा मधोमध आणायचा तर टायपिस्ट त्याची अक्षरं मोजायचा, ८५तून वजा करायचा, उरलेल्याचं अर्धं करायचा आणि तेवढ्या वेळा स्पेसबार ठोकायचा. टायपिंगच्या परीक्षेतला तक्त्याचा प्रश्न तर निव्वळ अंकगणित होतं. रकाने किती, प्रत्येकातला सगळ्यात लांब शब्द किती घरांचा, मध्ये किती घरं सोडायची. आधी कागदाच्या मागे हिशेब, मग पुढे टायपिंग. वेगही मोजलेला. मिनिटाला तीस शब्द म्हणताना शब्द म्हणजे शब्दकोशातला शब्द नव्हे, पाच ठोके म्हणजे एक शब्द. अर्थाशी संबंध नसलेलं शब्दाचं याहून प्रामाणिक माप मला माहीत नाही.

अमेरिकेत संपादकही असंच मोजायचे. ओळीत साठ अक्षरं म्हणजे अंदाजे दहा शब्द, दुप्पट अंतराने पानावर पंचवीस ओळी, म्हणजे पानाला अडीचशे शब्द. कथा वीस पानांची आली, की न वाचताच कळायचं, पाच हजार शब्द, अंकात किती जागा आणि लेखकाला किती पैसे. वाचायचं काम त्यानंतरचं.

हॉलीवूडने हे माप वेळेला लावलं. पटकथा बारा पॉइंट कुरिअरमध्येच हवी, हा तिथला रिवाज आजही मोडत नाही. बारा पॉइंटच्या कुरिअरचं प्रत्येक अक्षर ७.२ पॉइंट रुंद असतं आणि इंचात ७२ पॉइंट असतात, म्हणजे पुन्हा तेच, इंचाला दहा. उभ्या इंचात सहा ओळी. वर्णनाच्या ओळीची रुंदी ठरलेली, संवादाची त्याहून अरुंद पट्टी ठरलेली. अशा रीतीने लिहिलेलं एक पान पडद्यावर सरासरी एक मिनिट चालतं, असा ठोकताळा आहे. मारामारीचं अर्धं पान पाच मिनिटं खातं आणि चुरचुरीत संवादाची दोन पानं मिनिटात संपतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण एकशे वीस पानांत ते एकमेकांची भरपाई करतात, आणि निर्मात्याला हातात बाड घेऊनच सिनेमाची लांबी कळते. लेखकाने गुपचूप दुसरा आटोपशीर फॉन्ट लावला तर दीडशे पानांचं काम एकशे वीसमध्ये बसेल, म्हणून फॉन्टवर एवढा पहारा. मुंबईत पटकथा लिहिणारेही कुरिअर लावूनच बसतात. मात्र संवाद देवनागरीत लिहिले की गणित कोलमडतं. कुरिअरमध्ये देवनागरी नाहीच. तिथे दुसरा फॉन्ट येतो, त्याला इंचाला दहाचा हिशेब ठाऊक नसतो, आणि मिनिटाचं पान मनाला येईल तेवढ्या मिनिटांचं होतं.

वकिलांनाही हा पहारा चुकला नाही. अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयांच्या नियमात आजही स्पष्ट तरतूद आहे: समान रुंदीचं अक्षर वापरत असाल तर इंचाला साडेदहापेक्षा जास्त अक्षरं नकोत, आणि मुख्य लेखी युक्तिवाद तेराशे ओळींच्या आत बसवा. बाकीच्या अक्षरांत लिहिणाऱ्यांना शब्द मोजावे लागतात. चौकटीतल्या अक्षरात ओळी मोजल्या तरी भागतं, कारण तिथे ओळीला लपवाछपवी करता येत नाही.

मोजता येणारी गोष्ट तपासताही येते. हस्ताक्षरतज्ज्ञांसारखे टाइपतज्ज्ञ असत. त्यांचं आवडतं हत्यार म्हणजे चौकटी कोरलेली काचेची पट्टी. ती संशयित कागदावर ठेवायची. एका बैठकीत टाइप केलेल्या पानाची अक्षरं चौकटीत बरोबर बसतात. कुणी नंतर कागद पुन्हा यंत्रात घालून एखादी ओळ किंवा रकमेवर एक शून्य वाढवलं असेल, तर ते केसभर तरी सरकलेलं सापडतं. शिवाय प्रत्येक यंत्राच्या खोडी वेगळ्या: इथे 'ई'चा पाय झिजलेला, तिथे 'टी' जरा तिरपा. १९५० साली अमेरिकी परराष्ट्र खात्यातले माजी अधिकारी अॅल्जर हिस यांना शपथेवर खोटं बोलल्याबद्दल दोषी ठरवलं गेलं, तेव्हा पुराव्याच्या केंद्रस्थानी वुडस्टॉक बनावटीचा टाइपरायटर होता. क्रमांक २३००९९. त्या यंत्रावरून वाद पुढे कित्येक दशकं चालला.

याच गोष्टीचा उलटा प्रयोग २००४च्या सप्टेंबरात झाला. सीबीएस वाहिनीच्या '६० मिनिट्स' कार्यक्रमात अध्यक्ष बुश यांच्या तरुणपणच्या लष्करी सेवेबद्दल काही टिपणं दाखवली गेली. तारखा १९७२-७३च्या. काही तासांतच लोकांच्या लक्षात आलं, की यात 'आय'ला थोडी जागा आहे आणि 'एम'ला जास्त. म्हणजे अक्षरं चौकटीत नाहीत. मग लष्करी छावणीतल्या टाइपरायटरवर हे लिहिलं कसं? कुणी तोच मजकूर वर्डमध्ये नेहमीच्या मांडणीत टाइप करून शेजारी ठेवला, तर ओळन्‌ ओळ जुळली. बचाव करणाऱ्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. आयबीएमचं 'एक्झिक्युटिव्ह' हे यंत्र १९४०च्या दशकापासून होतं आणि ते अक्षराप्रमाणे दोन ते पाच कमीजास्त पावलं टाकायचं. पण ते वापरणाऱ्याला विचारा. एक अक्षर खोडायला मागे यायचं तर ते अक्षर किती पावलांचं होतं हे आठवावं लागे. साध्या कार्यालयीन टिपणासाठी असा उपद्व्याप कोण करेल? टिपणं खरी असल्याचं आपण सिद्ध करू शकत नाही, असं वाहिनीला त्याच महिन्यात सांगावं लागलं. पुढच्या मार्चमध्ये निवेदक डॅन रॅदर यांनी बातम्यांची खुर्ची सोडली.

योगायोग बघा. त्याच वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकी परराष्ट्र खात्याने बारा पॉइंट कुरिअर न्यूला रजा देऊन चौदा पॉइंट टाइम्स न्यू रोमन आणलं होतं. कारण काय, तर ते आधुनिक दिसतं. तहांच्या काही कागदांना आणि अध्यक्षांच्या सहीच्या मसुद्यांना तेवढी सूट राहिली. जिथे खरंच वजन हवं तिथे जुना वकीलच बरा वाटला असावा. त्या खात्यात नंतर कॅलिब्री आलं, मग पुन्हा टाइम्स आलं. कुरिअरची आठवण कुणी काढली नाही.

पण रजा मिळालेलं ते अक्षर मुळात केटलरचं अक्षर तरी होतं का? १९८५ साली ॲपलच्या लेझर प्रिंटरमध्ये जे मोजके फॉन्ट आतच भरून आले, त्यांत कुरिअर होतं. पुढे पीडीएफच्या चौदा मूळ फॉन्टांत चार कुरिअरची रूपं आहेत. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये आलं ते 'कुरिअर न्यू'. आणि ते बघून जुने टायपिस्ट हळहळले: हे एवढं खंगलं कसं? कारण साधं आहे. आकार घेतले ते सिलेक्ट्रिकच्या गोळ्यावरून. गोळ्यावरची रेघ मुद्दामच बारीक असते, कारण ठोका बसला की रिबनची शाई चहूबाजूंनी पसरते आणि मग ती कागदावर हवी तेवढी जाड होते. संगणकाने गोळ्याचं माप बरोबर घेतलं, पण शाई धरली नाही. साच्यालाच मोदक समजून वाढल्यासारखं झालं. पटकथालेखकांना ते वर्षानुवर्षं वाचावं लागलं. शेवटी त्यांच्यातल्याच जॉन ऑगस्ट यांनी पुढाकार घेतला आणि २०१३ साली ॲलन डेग-ग्रीन यांनी रेखलेलं 'कुरिअर प्राइम' निघालं. रुंदी तीच, म्हणजे पानांचा हिशेब तोच. अंगावर मात्र पुन्हा थोडं मांस आलं. इटॅलिकही नुसतं तिरपं ढकललेलं नाही, वेगळं रेखलेलं आहे.

याच्या उलट टोकाचा बहुरूपी म्हणजे 'अमेरिकन टाइपरायटर'. नाव टाइपरायटरचं, पाय टाइपरायटरचे, गोल टोकं टाइपरायटरची. पण १९७४ साली काढलेला हा टाइप चौकटीत बसतच नाही. त्यातला 'आय' अरुंद आणि 'एम' रुंद. न्यूयॉर्कवरच्या प्रेमाची ती प्रसिद्ध लाल बदामाची खूण याच अक्षरात आहे. मला ते अक्षर आवडतं, पण खाकी कपडे घातलेल्या नटाने वाहतूक अडवावी तसं वाटतं.

संगणकाचा प्रोग्राम लिहिणारे लोक मात्र अजून खऱ्या चौकटीत राहतात. तिथे ओळीची ऐंशी घरं ही मर्यादा आयबीएमच्या १९२८च्या छिद्रांच्या कार्डावरून आली, त्यावर ८० स्तंभ होते. पुढे पडदेही ऐंशी घरांचे झाले आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरही. बँकेच्या पासबुकावर करकर आवाज करत जी नोंद उमटते, तिच्यात रकमांचे आकडे एकाखाली एक बसतात ते त्यामुळेच. प्रोग्राममध्येही रकाने जुळणं, एखादा चुकून पडलेला स्वल्पविराम डोळ्याला टोचणं, याला महत्त्व असतं. चौकटीत स्वल्पविरामालाही 'एम'इतकी जागा मिळते, म्हणून तो लपत नाही. पण या कामाला कुरिअर फारसं चांगलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. एक हा आकडा आणि लहान 'एल' त्यात सख्ख्या भावांसारखे दिसतात. शून्य आणि 'ओ' यांचंही तेच. टाइपरायटरवर याने काही बिघडत नव्हतं. कित्येक यंत्रांवर १ची कळच नसे, लहान 'एल' ठोकून काम भागे. संगणकाला मात्र असं भागलेलं चालत नाही. म्हणून नव्या अक्षरांत शून्याच्या पोटात ठिपका किंवा रेघ आली. आयबीएमने २०१७ साली स्वतःसाठी 'प्लेक्स' हे घराणं काढलं. त्यातल्या चौकटीच्या भावंडात 'आय'ला तीच लांब बैठक आहे.

देवनागरीची पंचाईत इथेही सुटलेली नाही. प्रोग्रामरच्या काळ्या पडद्यावर एका घरात एक चिन्ह हा कायदा असतो आणि 'क्ष्मी'सारखं अक्षर किती घरांचं, यावर वेगवेगळ्या पडद्यांचं एकमत नसतं. कुठे वेलांटी शेजाऱ्याच्या अंगावर पडते, कुठे शब्दात भोक पडतं, कर्सर अक्षराच्या मध्येच उभा राहतो. गोदरेजच्या यंत्रावर एका उकारासाठी कॅरेज थांबवून ठेवणारा कारागीर अजून तिथे पोचलेला नाही.

चौकटीतलं अक्षर घरात बघायचं असेल, तर कपाटातून पासपोर्ट काढा. फोटोच्या पानाच्या तळाशी दोन ओळी आहेत, यंत्राने वाचायच्या. अक्षर 'ओसीआर-बी', रेखाटणारा तोच फ्रुटिगर, साल १९६८. प्रत्येक ओळीत मोजून ४४ घरं. पहिल्या ओळीत आधी 'पी', मग देशाची तीन अक्षरं, मग आडनाव, मग नाव. इथे बहुतेक अक्षरांना पाय नाहीत आणि शिरोरेघही नाही, पण रिकामं घर यंत्राला चालत नाही. म्हणून नाव संपलं, की उरलेली घरं डावीकडे तोंड केलेल्या बाणाच्या टोकांनी भरतात. ज्याचं नाव आणि आडनाव लहान, त्याच्या वाट्याला बाण जास्त.